बंद फीडरवरचे तीन दिवे

दि. १२ सप्टेंबर २०२५

मी मंजुश्री गुरुपादप्पा हुडगे, वय २८ वर्षे, व्यवसाय नोकरी (सहायक अभियंता, वीज वितरण), मूळ राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हल्ली राहणार मुखेड, जिल्हा नांदेड. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

१. करंजदरा उपकेंद्र माझ्या ताब्यात आहे. तेथून अकरा हजार व्होल्टच्या चार लाईन निघतात. त्यातील एक मळा फीडर. बुधवार, दि. ३ सप्टेंबर रोजी त्या फीडरच्या एका खांबावरचा जंपर, म्हणजे दोन्हीकडच्या तारा जोडणारा तुकडा, जळालेला आढळला.

२. दुपारी मी फीडरचा ब्रेकर बंद केला, तो ज्या चाकांच्या ट्रॉलीवर असतो ती पॅनलमधून बाहेर ओढली, कुलूप लावले आणि तंत्रज्ञ सिद्धराम संगप्पा हावगे, वय ३१, यांना काम करण्याचे परमिट दिले.

३. सिद्धराम यांनी पॅनलच्या हँडलला दस्ती, म्हणजे हातरुमाल, बांधली.

४. ते आणि तंत्रज्ञ सुदर्शन खांबावर गेले. उपकेंद्राच्या बाजूच्या तारा त्यांनी अर्थिंगच्या सळईने जमिनीला जोडल्या. सिद्धराम वर चढले. जळालेला जंपर त्यांनी सोडवला.

५. त्यानंतर त्यांचा हात दुसऱ्या बाजूच्या तारेला लागला. त्या तारेत वीज होती.

६. त्यांना मुखेडच्या दवाखान्यात नेले. तेथे मृत घोषित केले.

७. हे घडले तेव्हा ब्रेकर बंद होता, ट्रॉली बाहेर होती आणि कुलपाची किल्ली माझ्याजवळ होती.

८. दस्ती अजून बांधलेली आहे.

दस्तीबद्दल आपण विचारले म्हणून सांगते. करंजदरा उपकेंद्रात माझ्या आधीपासूनची रीत आहे. जो लाईनवर चढणार तो आपली दस्ती त्या फीडरच्या हँडलला बांधून जातो. काम संपल्यावर त्यानेच येऊन ती सोडायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. परमिट कागदावर परत आले, फोन आला, साहेबांचा आदेश आला, तरी दस्ती असेपर्यंत लाईन चालू होत नाही. ही रीत कोणत्याही नियमात नाही. मी ती बंद केली नाही, कारण ती नियमाच्या आड येत नव्हती.

त्या दिवशी सिद्धराम यांच्याकडे दस्ती नव्हती. आईला ते अव्वा म्हणत. पुढील बोलणे यंत्रचालक शेषेराव यांच्यासमोर झाले.

सिद्धराम म्हणाले, "मॅडम, तुमची द्या आज. माझी अव्वानं धुवाया घेतली."

मी म्हणाले, "नियमात दस्ती नाही."

ते म्हणाले, "नियमात तर मी बी न्हाई. कंत्राटी हाय."

शेषेराव हसले. म्हणाले, "मॅडमची दस्ती बांधून राहिला का रे? आता ही लाईन चालू करायची कुणाची छाती हाय?"

दस्ती पांढरी, सुती, कडेला निळी रेघ असलेली आहे. ती माझी आहे. सिद्धराम यांनी ती यापूर्वी कधी नेली होती काय, असे आपण विचारले. या चौकशीशी त्याचा संबंध नाही.

ब्रेकर बंद असताना तारेत वीज कोठून आली, ते सोप्या भाषेत सांगा असे आपण म्हणालात. निर्मिती केंद्रात वीज साधारण पंधरा ते वीस हजार व्होल्टच्या दाबाने तयार होते. लांब न्यायची असते म्हणून तिचा दाब तेथेच दोन लाख वीस हजार किंवा चार लाखांवर चढवतात. मग ती उतरत येते. एक लाख बत्तीस हजार, नंतर तेहतीस हजार. तेहतीसला ती आमच्या उपकेंद्रात येते, आम्ही तिला अकरा हजारावर उतरवतो. गावातली डीपी तिला चारशे तेहतीसवर उतरवते आणि घरात दोनशे तीस पोहोचतात. प्रत्येक पायरीवर एक ट्रान्सफॉर्मर असतो. डीपी हा त्यातला शेवटचा.

आमच्या खात्यात सगळे वीज उतरतानाच पाहतात. त्यामुळे धोका उपकेंद्राकडूनच येणार असे धरून चालतात. दस्ती उपकेंद्रात बांधतात. अर्थिंगची सळई एकच असेल तर ती उपकेंद्राच्या बाजूला लावतात. दोन्ही बाजूंना अर्थिंग करावे असा नियम आहे. आमच्याकडे सळईचा संच एक होता. सिद्धराम यांनी तो जेथे कोणीही लावला असता तेथेच लावला.

कंपनीच्या प्राथमिक टिपणात "मृत कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा" असे कारण लिहिले आहे. त्यावर माझी सही मागितली. मी केलेली नाही.

दि. ४ सप्टेंबर रोजी दुसऱ्या उपविभागाचे पथक आले. त्यांनी सोबत आणलेला संच वापरून दोन्ही बाजूंना अर्थिंग केले, जंपर जोडला, अर्थिंग काढले आणि संच घेऊन परत गेले. खांबावरचे फुटके इन्सुलेटर बदलायचे राहिले. त्यामुळे मळा फीडर तेव्हापासून बंदच आहे.

सोमवार, दि. ८ रोजी मी पंचनाम्याचे काम संपवून संध्याकाळी उपकेंद्रात आले. शेषेराव कंट्रोल रूमच्या दारात उभे होते. आत येत नव्हते. मळा फीडरच्या पॅनलसमोर उदबत्ती लावलेली होती.

प्रत्येक पॅनलच्या दारावर तीन लहान लाल दिवे असतात. बाहेरच्या लाईनवर दाब असला की ते लागतात. ब्रेकर चालू आहे की बंद, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. लाईन जिवंत आहे की मेलेली, एवढेच ते सांगतात.

मळा फीडरचे तिन्ही दिवे लागलेले होते.

मी विचारले, "कधीपासून?"

शेषेराव म्हणाले, "तिसऱ्या दिवसापासून. रोज दिवेलागणीला लागत्यात. घंटा-दीड घंटा ऱ्हात्यात, मग जात्यात."

"मला सांगितले का नाही?"

"काय सांगू मॅडम? तुम्ही मीटर लावून बघणार. मीटरमधी दिसणार हाय का ते?"

"काय दिसणार?"

ते हँडलकडे बघून म्हणाले, "सिद्ध्या परमिट परत कराया येऊन राहिलाय. दस्ती सोडायची राहिली न्हवं त्याची. सोडल्याबिगर कसा जाईल?"

मी म्हणाले, "शेषेराव, तुमची नोकरी तीस वर्षे झाली."

ते म्हणाले, "तीस वर्षं झाली म्हणूनच बोलून राहिलो. बंद लाईनवर दिवे मी न्हाई बघितले कधी."

उदबत्ती मी विझवायला लावली. शेजारी बॅटरी रूम आहे, तेथे ठिणगी चालत नाही. राख मी पुसली नाही.

कुलूप तपासले. ट्रॉली बाहेरच होती. आमच्याकडून त्या लाईनला वीज जाण्याचा मार्ग नव्हता. मग मी टॉवरच्या लाईनचा विचार केला. एक लाख बत्तीस हजारांची लाईन मळा फीडरच्या वरून जाते, आणि अशा लाईनखाली बंद तारेतही थोडा दाब न शिवता उतरतो. पण टॉवरची लाईन दिवसभर चालू असते. हे दिवे फक्त संध्याकाळी लागत होते. म्हणून ते कारण मी सोडून दिले. दिवे गेले तेव्हा मी पॅनलसमोरच होते. तोपर्यंत मी काय केले याची नोंद नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी फीडरच्या कडेने पायी गेले. या फीडरवर शेतीच्या तीन डीपी आहेत. पाऊस झाल्याने मोटारी बंद आहेत. त्यामुळे वीज आहे की नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. एका मळ्यात मात्र पत्र्याच्या खोलीवर बल्ब आहे. तो मळा सिद्धराम यांच्या आईचा, कमलम्मा संगप्पा हावगे यांचा आहे. बल्ब लागलेला होता. कमलम्मा त्याच्याखाली पोत्यावर बसल्या होत्या. शेजारी ताटात भाकरी झाकून ठेवली होती.

मी त्यांना कधी भेटले नव्हते. माझे नाव सांगितले.

त्या म्हणाल्या, "म्हायती हाय. मॅडम. बस."

मी विचारले, "अव्वा, हा दिवा कोणी लावला?"

"कुणी न्हाई लावला. मी बटन चालूच ठेवलंय. दिवसा काई न्हाई. दिवस मावळला की आपसूक लागतो. लाईन बंद हाय म्हणून तुमचीच माणसं सांगून गेली. मग ह्यो कसा लागतो, सांग की तू. शिकलेली हायस."

मी होल्डरजवळ मीटर लावून पाहिला. दोनशे तीस यायला हवे होते. एकशे अठ्ठेचाळीस व्होल्ट आले. म्हणून उजेड पिवळा आणि अशक्त होता.

त्यांनी विचारले, "काय म्हणतो?"

मी म्हणाले, "कमी आहे."

त्या म्हणाल्या, "थकला असंल. लहानपणी बी सांजच्याला येऊन असाच गप बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू आली म्हणून आज जरा जास्त वेळ ऱ्हायलाय."

हे खरे नाही. मी वेळ पाहिली होती.

वारा पडला तेव्हा ओढ्यापलीकडून इंजिनाचा आवाज ऐकू आला. तो आवाज थांबला त्याच क्षणी बल्ब गेला. कमलम्मा म्हणाल्या, "गेला." त्यांनी भाकरीवरचे झाकण काढले, अर्धी भाकरी मला दिली. मी खाल्ली. त्यांना मी काहीही सांगितले नाही.

ओढ्यापलीकडे महादेवप्पा शेटे यांची डाळ मिल आहे. मिलसाठी स्वतंत्र डीपी आहे आणि ती मळा फीडरवरच आहे. फीडर बंद असल्यामुळे मिल सध्या जनरेटरवर चालते. दिवसा मूग वाळत घालतात, संध्याकाळी मिल सुरू करतात.

बुधवार, दि. १० रोजी सकाळी मी मिलवर गेले. जनरेटरच्या खोलीत चेंजओव्हर स्विचची जागा रिकामी होती. हा स्विच असला की मिलला एका वेळी एकच वीज मिळते, कंपनीची किंवा जनरेटरची. तो नसताना जनरेटरच्या तारा थेट मेन लाईनला पिळून जोडलेल्या होत्या. वर काळी टेप होती. मी मोबाईलवर फोटो काढले. ते जबाबासोबत देत आहे.

महादेवप्पा यांचे वय साठीच्या पुढे आहे. त्यांनी मला खुर्ची दिली. आमचे बोलणे असे झाले.

"चेंजओव्हर जळालं बाई. पोळ्याच्या आधीच. वायरमन म्हणाला, नवीन येईपर्यंत असं चालवा, फकस्त मेन पाडून मग जनरेटर लावा. तसंच करतो आम्ही."

"प्रत्येक वेळी मेन स्विच बंद करता?"

"हाव, पाडतो की."

"काल संध्याकाळी पाडला होता?"

"गड्याला सांगितलेलं हाय."

"तीन तारखेला, बुधवारी, जनरेटर कधी लावला?"

ते म्हणाले, "नेहमी सांजच्यालाच लावतो. त्या दिवशी आभाळ आलं. माल भिजंल म्हणून दुपारीच लावला."

त्यांनीच पुढे विचारले, "आमचं जनरेटर चारशेचं. घरातल्या मिक्सरला जी वीज, तीच. तुमचे अकरा हजार. चारशेनं अकरा हजारावरचा माणूस कसा मरंल? उलटं सांगून राहिलात तुम्ही."

मी त्यांना सांगितले ते येथेही सांगते. ट्रान्सफॉर्मरला वर आणि खाली कळत नाही. अकरा हजारांच्या बाजूने वीज दिली तर तो चारशे तेहतीस काढून देतो. चारशे तेहतीसच्या बाजूने दिली तर तोच डबा, त्याच तारांतून, अकरा हजार काढून देतो. मेन पाडलेला नसला की मिलची डीपी उलटी चालते आणि पूर्ण मळा फीडर जिवंत होतो. मोटारी बंद असल्यामुळे जनरेटरला ओझेही होत नाही. तो बंद पडत नाही. मिलमध्ये कोणाला काही जाणवत नाही.

महादेवप्पा यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मी त्याच्या मातीला होतो, बाई. खांदा दिलाय मी त्याला." नंतर म्हणाले, "हे कुणाकुणाला बोललात?"

मी म्हणाले, "अजून कोणाला नाही."

ते म्हणाले, "मग राहू द्या की. पोरगा तर गेला. मी आजच काढून टाकतो."

त्या दिवशी संध्याकाळी मी उपकेंद्रात थांबले. तिन्ही दिवे लागले. काल, गुरुवारीही लागले. म्हणून आज आले आहे.

उपविभागाच्या साहेबांना मी फोनवर हे सर्व सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, मिलवाल्याचं प्रकरण आपल्या अंगावर का घेता? कर्मचाऱ्यानं दोन्ही बाजू अर्थ केल्या नाहीत, विषय संपला." शुक्रवार, दि. १९ रोजी इन्सुलेटर बदलून फीडर चालू करावा असा आदेश त्यांनी काढला आहे. खांबावर सुदर्शन चढणार आहेत. दुसरा सळईचा संच अद्याप आलेला नाही. आभाळ आले तर मिल दुपारीच सुरू होईल.

आदेश दाखवला तेव्हा सुदर्शन यांनी एकच विचारले, "मॅडम, दस्ती कुठं बांधू? हँडलला तर जागा न्हाई." मी त्यांना परमिट देणार नाही, असे सांगितले. मी नाही दिले तर त्या दिवशी दुसऱ्या कोणाला उपकेंद्रात बसवून ते देता येते. ते साहेबांच्या अधिकारात आहे.

सिद्धराम यांनी नियम मोडला असे माझे म्हणणे नाही आणि मोडला नाही असेही नाही. ज्या बाजूने मरण आले त्या बाजूला कोणीच पाहत नव्हते, मीही नाही. एवढे कारणाच्या रकान्यात लिहिले जावे. "मृताचा निष्काळजीपणा" लिहून विषय संपला तर मिलमध्ये कोणी जाणार नाही आणि तारा तशाच राहतील.

मिलची जोडणी तुटली की कमलम्मा यांच्या मळ्यातला बल्ब संध्याकाळी लागणार नाही. पुढे फीडर चालू झाल्यावर तो इतरांच्या बल्बसारखा, बटण दाबल्यावर लागेल. याचे कारण त्यांना पोलिसांनी किंवा कंपनीच्या माणसाने सांगू नये. ते मी सांगेन. आधी जोडणी तुटलेली मला कळली पाहिजे. त्या संध्याकाळी मी तेथे असेन.

दस्ती शेषेराव सोडत नाहीत, सुदर्शन सोडत नाहीत. बांधणाऱ्यानेच सोडायची अशी रीत आहे. मीही सोडलेली नाही. रीतीवर माझा विश्वास आहे काय, असे आपण विचारले. तिन्ही दिव्यांचे कारण मला माहीत आहे. तरी काल ते लागले तेव्हा मी उठून उभी राहिले. पुरावा म्हणून दस्ती जप्त करायची असल्यास पंचांसमक्ष करावी, गाठ न सोडता वरून सरकवून काढावी. हँडल लहान आहे, निघते. पंचनाम्यात "एक पांढरी दस्ती" एवढेच न लिहिता ती कोणाची आहे ते माझ्या पूर्ण नावासह लिहावे.

वरील मजकूर हवालदारांनी संगणकावर घेतला, मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मी पुन्हा स्वतः वाचला. मी बोलले तेच त्यात आहे, वाढवलेले किंवा गाळलेले काही नाही. जबाब कोणाच्या सांगण्यावरून दिलेला नाही.

सही
मंजुश्री गुरुपादप्पा हुडगे

सहीखाली माझी विनंती: मिलची जोडणी तोडून मेन स्विचला सील लावले किंवा नाही, एवढेच उत्तर मला गुरुवार, दि. १८ सप्टेंबर, दुपारी बारापर्यंत लेखी मिळावे.